वाट वाकडी करून कोल्हापूरला मैत्रिणीकडे जाताना

गोव्याला किंवा तळकोकणात गाडी घेऊन निघालेल्या माणसाच्या हिशेबात कोल्हापूर म्हणजे वाटेतले तीन तास. अंबाबाईचं दर्शन, एक मटण थाळी, चपलांचा जोड आणि गाडीला स्टार्टर. लॉजवर उतरणार असाल तर तसं करताही येईल. गावात ओळखीचं घर असेल तर मात्र हा बेत घरूनच खोडून निघा.

मी नाशिकची. हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. गेली बारा-तेरा वर्षं नवरा, मुलगा आणि मी कोकणात उतरताना तिच्याकडे थांबतो. पहिल्या खेपेला मी तिला फोनवर म्हटलं होतं, "अगं, आम्ही फक्त चहाला डोकावून जाऊ." ती म्हणाली, "चहाला यायचं असलं तर येऊच नको." मला वाटलं, चिडली. चिडली नव्हती, नियम सांगत होती. तेव्हापासून जे जे चुकून शिकले ते इथे क्रमाने लिहिते, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याचा निम्मा घोळ वाचेल.

आधी वार बघा, तारीख नंतर

आपण सुट्टी बघून तारीख ठरवतो. कोल्हापूरला जाताना वार बघायचा. बुधवार आणि रविवार हे साधारण मटणाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत चालत नाही. मंगळवार-शुक्रवार देवीचे म्हणून काही जण पाळतात, आणि जोतिबाचा वार म्हणून काही घरांत रविवारही बाद असतो. तेव्हा सरळ विचारा, "तुमच्यात कुठला वार चालतो?" या प्रश्नाचं तिथे कुणाला वाईट वाटत नाही, उलट पाहुणा शहाणा आहे असं मत होतं. आम्ही एकदा गुरुवारी पोचलो. काकूंनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, भरलं वांगं आणि भाकरी इतकी सुरेख केली होती की मला काही कमी वाटलं नाही, पण त्या बिचाऱ्या दिवसभर "आज गुरुवार पडला बघा" म्हणत चुटपुटत होत्या.

मुक्काम दोन रात्रींचा धरा. एका रात्रीत यजमानांचं समाधान होत नाही आणि तुमचं पोट सावरत नाही. आखाडात गेलात तर घराघरांत मटण शिजत असतं. श्रावणात तोच बेत आखू नका. नवरात्रात गाडी घेऊन जायचं असेल तर दोनदा विचार करा, कारण देवळाभोवतीचे रस्ते चालणाऱ्यांनाच पुरत नाहीत.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला एकच प्रश्न: "पाणी किती फुटावर आहे?" पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पावसाळ्यात हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक काही दिवस ठप्प झाली. हवामानाच्या ॲपवर ढग दिसतात, फूट दिसत नाहीत. ते गावातला माणूसच सांगतो.

नेण्याच्या वस्तू

मिठाईचा खोका नेऊ नका. तुमच्या गावाची खाण्याची वस्तू न्या, आणि भरपूर न्या, कारण ती शेजारी वाटली जाणार असते. आम्ही हंगामात द्राक्षांची पेटी नेतो, एरवी चिवडा आणि बेदाणे. येताना याच्या दुप्पट वजन गाडीत येणार आहे, तेव्हा डिकीत जागा ठेवा.

मटण न खाणारं कुणी बरोबर असेल, किंवा कुणाला तिखट सोसत नसेल, तर हे फोनवरच सांगून ठेवा. पानावर बसल्यावर सांगितलंत तर स्वयंपाकघरात धावपळ होते आणि काकू स्वतः न जेवता दुसरं काहीतरी करायला उठतात.

महामार्ग, आणि कराडहून करायचा फोन

नाशिकहून कोल्हापूर 440 किलोमीटरच्या आसपास, पुण्याहून 230. नाशिककरांनी पहाटे पाचला निघावं, कारण चाकणची गर्दी सुरू व्हायच्या आत ते पार केलं तर दिवस वाचतो. पुढे बाह्यवळणाने कात्रजचा नवीन बोगदा, शिरवळ, मग खंबाटकी. आम्ही जाताना घाट चढत आलो, जुना बोगदा येतानाच्या वाटेवर. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते लागतात, त्यामुळे मोबाइलने दाखवलेल्या वेळेत पाऊण तास आपल्या हाताने मिळवा.

साताऱ्यानंतर ढाब्यावर जेवू नका. चहा घ्या, पाय मोकळे करा. कराडला वेळ असेल तर प्रीतिसंगमावर दहा मिनिटं टेका. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात, आणि काठावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सावली चांगली असते.

आणि तिथूनच फोन करायचा. "सातारा सोडलं" हा फोन फार लवकरचा, "किणी टोलनाक्यावर आहे" हा फार उशिराचा. कराडहून कोल्हापूर पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. तुम्ही "कराड" म्हणालात की तिकडे रस्सा चुलीवर चढतो, आणि तुम्ही दारात पोचता तेव्हा उतरतो. माझी मैत्रीण या फोनवर दर वेळी तेच म्हणते: "कराड? मग आलाच की! मी जेवायचं थांबतो."

हो, "थांबतो". ती बाईच आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

पेठ नाका गेला, वारणेचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा. किणीचा टोल, मग शिरोली, पंचगंगेचा पूल, आणि लगेच तावडे हॉटेल चौक. इथे महामार्ग सोडून उजवीकडे गावात शिरायचं. इथे चुकलात तर उचगावकडे भलतीकडेच जाल.

पत्ता घरनंबराने मिळत नाही

राजारामपुरीत घर असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे गल्ल्यांना आकडे आहेत, "सातवी गल्ली" म्हटलं की काम झालं. जुन्या पेठांत मात्र पत्ता सांगतात तो तालमीवरून, तिकटीवरून किंवा वेशीवरून. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा: मिरजकर तिकटी, माळकर तिकटी. वेस म्हणजे जुन्या गावकुसाचा दरवाजा. दरवाजे गेले, नावं राहिली: गंगावेस, रंकाळावेस. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा तर खराच, पण त्याहून जास्त ती त्या भागाची ओळख असते. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, आणि कुणाच्या घरात मयत झाली तर धावून येणारी पोरंही तिचीच. मैत्रिणीचं आडनाव विचारत फिरण्यापेक्षा "अमुक तालमीच्या मागं" असं विचारा. रिक्षावाल्या मामांना विचारलंत तर ते हात दाखवून थांबणार नाहीत, "माझ्या मागनं या" म्हणून पुढे निघतील.

आता गाडी. यात मी जी फजिती करून घेतली ती कुणी करू नये. दुसऱ्याच खेपेला, शुक्रवारी संध्याकाळी, नकाशावरची निळी रेघ धरून मी गाडी थेट महाद्वार रोडवर घातली. डावीकडे ओटीचं सामान, उजवीकडे गजरे, पुढे हातगाडी, मागे दोन रिक्षा. एक आजी खिडकीच्या काचेवर टकटक करून म्हणाल्या, "बाई, हितं गाडी आणत्यात व्हय?" शेवटी एका गजरेवाल्याने स्वतःची पाटी उचलून बाजूला ठेवली आणि एका रिक्षावाल्या मामांनी बोटाच्या इशाऱ्यावर मला शंभर-दीडशे फूट उलटी बाहेर काढली. पैसे विचारले तर म्हणाले, "पाहुणं, चहा पाजा." पाजला.

तेव्हा पेठेत शिरायच्या आधी मैत्रिणीला बाहेरच्या चौकात बोलवा. ती सांगेल तिथे गाडी लावा आणि पुढचे दोन दिवस ती विसरा. देवळाकडे गाडीच न्यायची असेल तर बिंदू चौकातल्या वाहनतळावर लावून चालत जा. रिक्षा मुबलक आहेत आणि बऱ्याच अशा सजवलेल्या असतात की मुलांना त्यातच बसायचं असतं.

बोलणं समजून घ्या

कोल्हापूरची भाषा पहिल्या अर्ध्या तासात अंगावर आल्यासारखी वाटते. तो आवाज भांडणाचा नसतो. "काय भावा, कवा आलास?" हे स्वागत आहे. "खुळा हाईस काय?" हे बऱ्याचदा प्रेम असतं. "नाद खुळा" म्हटलं की तुम्ही काहीतरी चांगलं केलंय.

आदर दाखवायला क्रियापदाला "सा" लागतं: आलासा, जेवलासा, बसलासा. थोरल्यांनी तुम्हाला "जेवलासा काय?" विचारलं तर "हो" म्हणू नका, कारण पुढचं वाक्य "मग परत बसा की" हेच असतं. विनंतीला "की" चिकटतो: या की, घ्या की, ऱ्हावा की.

आणि बायका. कोल्हापूरकडच्या कित्येक मुली आणि बायका "मी जातो, मी येतो, मी करतो" असंच बोलतात. हॉस्टेलात पहिल्या आठवड्यात मैत्रिणीने "मी आंघोळीला जातो" म्हटल्यावर आम्ही सगळ्या हसलो होतो. ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात असंच असतंय." आता तिच्याकडे दोन दिवस राहून आले की माझ्याही तोंडात तेच बसतं, आणि नाशिकला परतल्यावर सासूबाई चमकून बघतात.

जेवण

इथे घाई करून चालत नाही, म्हणून मीही सावकाश सांगते.

"चटणी" हा शब्द आधी नीट करून घ्या. आपल्याकडे चटणी म्हणजे खोबऱ्याची, शेंगदाण्याची, पानात डाव्या बाजूला वाढतात ती. कोल्हापुरात नुसतं चटणी म्हटलं की कांदा-लसणाचा लाल मसाला. मिरची, कांदा, लसूण, खोबरं आणि गरम मसाले घालून तो वर्षाचा कुटून ठेवतात. "भाजीला चटणी कमी पडली" असं कुणी म्हणालं तर तोंडीलावणं मागत नाहीयेत, तिखट कमी आहे म्हणतायत. मी पहिल्यांदा "थोडी चटणी वाढा" म्हटलं होतं. काकूंनी माझ्याकडे आदराने बघितलं आणि पानात चमचाभर लाल मसाला ठेवून वर तेल सोडलं.

मटणाच्या पानात सुक्कं मटण, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू आणि दोन वाट्या असतात. एकीत तांबडा रस्सा, दुसरीत पांढरा. दोन्हींचा पाया एकच. मटण हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवतात. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. त्या अळणी पाण्यात चटणी आणि वाटण गेलं की तांबडा. नारळाचं दूध, खसखस, काजू-तीळ असलं वाटण गेलं की पांढरा. रस्सा भाकरी बुडवून खायचा नसतो असं नाही, पण आधी वाटी तोंडाला लावून प्यायची. चमचा मागू नका. पांढरा आधी, मग तांबडा, आणि तिखट चढलं की परत पांढरा. काका, म्हणजे मैत्रिणीचे वडील, असंच पितात आणि मीही तेच बरं समजते. पांढऱ्या रश्श्याने पोटाला अस्तर लागतं.

लहान मुलांना अळणी मागून घ्या. भात कालवून दिला की माझा मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून तेच जेवतो, आणि ते मागितलं म्हणून कुणी नाकं मुरडत नाही. त्यांची स्वतःची पोरंही त्याच भातावर वाढलेली असतात.

रस्सा कितीही वेळा मिळतो. मटणाच्या फोडी मोजून असतात, हे मनात ठेवा. घरच्यांनी तुमच्यासाठी स्वतःच्या ताटातल्या कमी केलेल्या असतात. तेव्हा "अजून घ्या" ला दुसऱ्या वेळी नाही म्हणायचं ते फोडींना, रश्श्याला नाही. वाटी पुढे करत राहिलात की वाढणारी माणसं खूश.

बाहेर जेवायला नेलं तर बिलासाठी झटापट करू नका. गल्ल्यावरचा माणूस यजमानांच्या ओळखीचा असतो आणि तो तुमचे पैसे घेणारच नाही. परतफेडीची वाट वेगळी आहे, ती खाली येते.

संध्याकाळी भूक नसली तरी दोन ठिकाणी जा. एक म्हणजे गंगावेशीतला दूध कट्टा. गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि पेला हातात देतात. पेल्यात वरचा निम्मा भाग नुसता फेस असतो आणि दूध म्हशीच्या अंगाइतकं कोमट. माझ्या मुलाने पहिल्यांदा पेला धरला तेव्हा ओरडला, "आई, हे गरम का आहे? गॅस कुठाय?" शेजारी एक पैलवान उभा होता, त्याचं दूध नाकातून आलं. सवय नसेल तर एकच पेला घ्या आणि त्यावर मिसळ खाऊ नका. दुसरं ठिकाण खासबागेची भेळ, किंवा रंकाळ्याच्या काठावरची. दोन्हींत भांडण लावणारे भरपूर मिळतील.

सकाळ: देऊळ, मग मिसळ

गावातली माणसं "महालक्ष्मी" क्वचित म्हणतात, ती "अंबाबाई". पहाटे जा. ऊन वर आलं की रांग वाढते. देवीचं तोंड पश्चिमेला आहे, आणि म्हणूनच किरणोत्सव होतो: 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. ढग आले किंवा वाटेत काही आडवं आलं तर किरणं अर्ध्यावर थांबतात, आणि त्या संध्याकाळी गावात दुसरा विषय नसतो. या तारखांना जाणार असाल तर दुपारपासूनच जागा धरावी लागते. शुक्रवारी रात्री पालखी असते, ती बघायला गर्दी सोसण्यासारखी आहे. कपडे साधे ठेवा. घाईत असाल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती पटकन सरकते. पण घाई असेल तर मुळात तुम्ही दोन रात्री राहिला नाहीत, म्हणजे वरचं वाचलं नाहीत.

मिसळीबद्दल मी नाशिककर म्हणून जपून लिहिते. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव येतो, दही येतं, पापड येतो. कोल्हापुरात स्लाइस ब्रेड येतो आणि वर ओततात तो कट, म्हणजे तिखट रस्सा. फडतरेंची उद्यमनगरात, बावड्याची कसबा बावड्यात, शिवाय प्रत्येकाची "आमची" म्हणून एक असतेच. इंटरनेटवरचे तारे मोजू नका, मैत्रीण नेईल तिथे जा. सकाळी लवकर जा, कारण पातेलं संपलं की दुकान बंद. आणि टेबलावर बसून "आमच्या नाशिकला..." अशी सुरुवात करू नका. मी केली होती. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पोऱ्याला सांगितलं, "यांना कट जादा दे रे."

गाव बघायचं ते चालत

देवळातून निघालात की भवानी मंडप जवळच. तिथून खासबाग चालत. शाहू महाराजांनी 1912 मध्ये हे कुस्तीचं मैदान बांधलं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती उतरत्या पायऱ्या, त्यामुळे लांबच्या माणसालाही पकड दिसते. शेजारीच 1915 चं पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा काका, एरवी सगळ्यावर टोले मारणारा माणूस, तिथे कुंपणाशी उभे राहून काहीच बोलले नाहीत. नाटकाचं काय, फोटोचं काय, असं तिथे विचारत बसू नका.

शाहू महाराजांविषयी मात्र जरूर विचारा. 1902 साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा इथल्या घरांत इतिहासातला माणूस नाही. आजोबांची आठवण सांगावी तसं त्यांच्याबद्दल बोलतात. तासभर सहज जातो, आणि संग्रहालयातल्या पाट्यांवर नसलेलं कळतं.

न्यू पॅलेस बघायचा तर रिक्षाने. काळ्या दगडाचा हा राजवाडा मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधला, 1884 मध्ये पुरा झाला. टाउन हॉलच्या संग्रहालयाकडे फारसं कुणी फिरकत नाही, तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी तो काय करत होता, हा प्रश्न मुलांना विचारून बघा. व्यापार, जहाजं, रोम, सगळं त्यातून निघतं.

फुटबॉलचा हंगाम असेल आणि शाहू स्टेडियमवर सामना असेल तर जा. कुठल्या संघाच्या बाजूने ओरडायचं हे मात्र ज्या घरी उतरलात त्यांना विचारून घ्या. यात तटस्थ राहणारा माणूस मला तिथे भेटलेला नाही.

चप्पल

शेवटच्या दिवशी घाईत घेऊ नका. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे दोन दिवस पायात घालून चुकीची वाटली तर बदलता येते. चप्पल लाइनीत मैत्रिणीला बरोबर न्या, आणि भाव तिला करू द्या.

बघायचं काय? अस्सल जोड चामड्याच्या वादीने शिवलेला असतो, तळ उलटा करून टाके बघा. वास चामड्याचा हवा, डिंकाचा नको. बाजूचे कान आणि अंगठा ओढून बघा. किंचित घट्ट घ्या, चामडं पायाप्रमाणे सैल होतं. सुरुवातीचे दिवस चावतात, तेव्हा अंगठ्याला आणि कानांना आतून तेलाचं बोट लावा. भिजवू नका. भिजल्याच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवल्या की कडक होऊन वाकड्या होतात. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांना मिळून, त्यामुळे दुकानदार "हा जोड तिकडचा" म्हणाला तर तो फसवत असेलच असं नाही.

गाडीतल्या रिकाम्या जागा

बिलाची परतफेड इथे करायची. तुमच्याकडे गाडी आहे. मैत्रिणीचे आई-वडील वडापने (म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी जीपने) किंवा एसटीने जायचं म्हणून कित्येक महिने जिथे गेलेले नाहीत तिथे त्यांना घेऊन जा. नुसतं "चला" म्हणू नका, विचारा, "काकू, तुम्हाला कुठं जायचंय?"

पन्हाळा वीसेक किलोमीटर, जोतिबा त्याच बाजूला, दोन्ही एका दिवसात होतात. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निघाले ते याच पन्हाळ्यावरून. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांत हा आहे. तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना बघितला तरी पुरे. जोतिबावर पांढरे कपडे घालून जाऊ नका, गुलाल निघत नाही.

आमच्या काकूंनी मात्र दर वेळी नरसोबाची वाडी सांगितली. मग आम्ही वाडी आणि पुढे खिद्रापूर असं जोडून करतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप 48 खांबांवर उभा आहे आणि वर मध्यभागी गोल उघडं आकाश. काकू तिथे खालच्या गोल शिळेवर उभ्या राहून वर बघतात आणि दर वेळी म्हणतात, "हितं काय छप्पर राहिलं न्हाई, असंच केलंय." परत येताना वाडीला कवठाची बर्फी घ्या. त्या दिवसाचं पेट्रोल तुमचं, जेवण वाटेत तुमचं, आणि याला कुणी हरकत घेत नाही.

निघताना

सकाळी सातला निघायचं असेल तर सांगताना सहा सांगा. पाया पडणं, कुंकू, ओटी, शेजारच्यांना भेटणं यात तास जातो. "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं.

पुढची वाट कालच्या बातमीवर ठरवू नका, घरच्यांना विचारा. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाट, राधानगरीवरून फोंडा, आजऱ्याकडून आंबोली. पावसाळ्यात यांतला कुठला चालू आणि कुठला दरड पडून बंद, हे काकांना पेपर उघडायच्या आत ठाऊक असतं.

मग सामान येतं. चटणीचा डबा, गुळाची ढेप, हंगाम असेल तर गुऱ्हाळावरची काकवी, म्हणजे पातळ गूळ. नाही म्हणू नका, पण काकवीची बाटली डिकीत टाकू नका. झाकणाला पिशवी बांधून, रबर लावून, उभी पायांत धरून बसा. करूळ घाटाच्या चौथ्या की पाचव्या वळणावर आमची आडवी झाली होती. स्टेपनीच्या खाचेत अजून थोडी आहे, उन्हाळ्यात डिकी उघडली की वास येतो.